खैरूखालाच्या भिंतीवरची होडी

भूत, भानामती, अंगात येणं... असलं काही सांगायला आलेल्याला मी तोंडावर "चल, हट" म्हणतो. आजही म्हणतो. फक्त एक भिंत सोडून.

मी कारंज्याचा पेंटर. दुकानांच्या पाट्या करायच्या आणि लग्नसराईत बैलांच्या दमण्या, म्हणजे वऱ्हाड न्यायच्या छोट्या गाड्या, रंगवायच्या – हिरवं अंग, पिवळी वेल, लाल ठिपके. समुद्र तर सोडाच, धड मोठी नदीसुद्धा मी पाहिली नव्हती.

कामरगावात बाजाराच्या रस्त्यावर खैरूखालाचं घर. तिचा एकुलता एक युसुफ मुंबईहून आगबोटीवर कोळसा टाकायला लागला. ती आगबोट विलायतेहून अमेरिकेला माणसं न्यायची. त्यानं त्या बोटीच्या चित्राचं कार्ड धाडलं आणि खालानं पुढच्या खोलीतल्या भिंतीवर ते माझ्याकडून भलंमोठं काढून घेतलं. आधी अख्खी भिंत निळी केली, मग त्यावर जहाज. काळं अंग, पांढरे मजले, तीन लाल धुराडी. बघायला गाव लोटलं होतं!

मग तो नेमच झाला. पत्र आलं की मला बोलावणं. "धुराड्याले काळा पट्टा मारला म्हनते" – मार पट्टा. लढाई लागली तसं पत्र आलं, जहाज सगळं राखाडी केलंय, आता सोल्जर नेतात. जिवावर आलं, पण फासला राखाडी.

त्यानंतर पत्रंच बंद. आठ महिने.

एका दुपारी खालानं बोलावलं. "पेंटर, जहाज बुडालं त माह्या पोरानं काय करावं? बाजूले एक होडी काढून दे."

"खाला, चितरलेल्या होडीत कोन बसते?" मी वैतागलो.

"तुह्या बापाचं काय जाते? काढ म्हनलं त काढ!" म्हणाली, आणि रडायलाच लागली.

काढली. पण होडी कधी पाहिलेलीच नाही ना... हात सवयीनं दमणीच रंगवत गेला. हिरवी, वेल, ठिपके – आणि पुढं चक्क जू! शेजारचे खो खो हसले. मी पुसायला निघालो, तर खाला म्हणाली, "राहू दे. कामी येईन."

पंधरा दिवसांनी निरोप – होडी गेली. तणतणत गेलो, म्हटलं कोणीतरी खरवडली असणार. खरवडल्याची खूण नाही. होडीच्या जागी नुसता निळा रंग, माझ्याच ब्रशचे फटकारे. जहाज जसंच्या तसं. दोनदा हात फिरवून पाहिला, रंग सपाट. खाला मात्र शांत होती.

"गेली कामाले," एवढंच म्हणाली.

पावसाळा संपता संपता युसुफ घरी आला. दोन बोटं गमावून, पण जिवंत! होडीबद्दल आम्ही त्याला अक्षरही बोललो नव्हतो. जहाज फुटलं, सात जण पाण्यात होते, उजाडताना एक रिकामी होडी वाहत आली, असं त्यानं सांगितलं. ती कोणत्या जहाजाची, कोणालाच कळलं नाही.

"हिरवी होती. काठ उंच, चढताच येत नव्हतं. पुढं आडवं लाकूड होतं, त्याले धरून चढलो." मग माझ्याकडे वळला. "पेंटर, तुमी एवढ्या दमन्या रंगवल्या, तुमीच सांगा... होडीले जू कायले लावतेत?"

मी उठलो आणि खालाच्या पाया पडलो.