कुवेतचं ब्लँकेट

"वेलाजवळ यायचं तर ये, पण तोंड उघडायचं नाही," असं इनेझ एकदा म्हणाली होती. म्हणाली होती आग्नेसला, आणि आग्नेसनं ते जपून ठेवलं.

दोघी जावा. इनेझचा नवरा सॅन्टन कुवेतला गेला तो तिथंच वारला. घरी आली ती त्याची ट्रंक. पुढं इनेझनं मोठ्या दिराकडे, आग्नेसच्या नवऱ्याकडे, बर्नार्डकडे, भुईगावच्या वाडीतला सुपारीखालचा तुकडा मागितला. तिथली केळी काढून व्हॅनिला लावली. तेव्हा जो तो त्या शेंगांच्या भावाबद्दलच बोलत होता.

"पहिला माल गेला तर तुकडा तुझा," बर्नार्ड म्हणाला. "नाही गेला तर वेल कापून परत केळी लावणार. मग रडू नकोस."

"रडायला तुमच्या दारात येणार नाही, दादा."

वेलाला फुलं आली ती ईस्टरआधीच्या उपासकाळात. फूल सकाळी उघडतं, दुपारी मान टाकतं, आणि त्याचं काम करणारी माशी आपल्याकडे नाही. काट्यानं आतला पडदा उचलून पराग हातानंच टेकवायचा. इनेझ रविवारच्या मिस्सालाही येईना. चर्चच्या पायऱ्यांवर शेजारची बर्था विचारायची, "काय गं आग्नेस, रांडावलेली बाई फुलांची लग्नं लावते म्हणे?" आग्नेस हसायची. हसून बरं वाटायचं.

तरी एका सकाळी ती वाडीत गेली होती. म्हणाली, "दे, दोन फुलं मी लावते." इनेझनं वरही न बघता ते वाक्य तोंडावर फेकलं.

शेंगा उतरवल्या. त्या गरम पाण्यातून काढून लोकरीत गुंडाळायच्या, घाम येऊ द्यायचा, उन्हात टाकायच्या, पुन्हा गुंडाळायच्या. वसईत लोकर कोणाकडे असणार? इनेझनं सॅन्टनची ट्रंक उघडली आणि कुवेतचं ब्लँकेट काढलं.

आग्नेस ओट्यावर वाळत घातलेली सुकेळी उलटत होती. वास तिथवर आला. डांबरगोळ्यांचा. ट्रंकेत वर्षानुवर्षं इनेझच त्या टाकत आली होती, आणि घर झोपलं की त्याच ब्लँकेटात तोंड खुपसून बसत होती. तिच्या लेखी तो वास उरलाच नव्हता. तो नुसता सॅन्टन होता.

पण आग्नेस सुकेळी करणाऱ्या घरातली. वाळतं फळ शेजारचा वास पिऊन घेतं, म्हणून तिची आई अंगणात बोंबीलसुद्धा टांगू देत नसे. तिनं तोंड उघडलं.

"काय?" इनेझ खेकसली.

"काही नाही," आग्नेस म्हणाली आणि पुढचं केळं उलटलं.

रोज ते ब्लँकेट उघडलं जाई, रोज मिटलं जाई. शेंगा काळ्या, मऊ, तुकतुकीत झाल्या. आग्नेस रोज बघत होती. रोज बोलता आलं असतं.

एसेन्सवाल्यांचा माणूस माणिकपूरहून माल बघायला रिक्षानं आला. शेंग नाकाशी धरली. दुसरी धरली. जुडीच्या पोटातली एक ओढून काढली.

"लांबी छान आहे, बाई. वाळवल्यात पण छान. पण हा कपाटाचा वास कसला? डांबरगोळ्या? आइस्क्रीममध्ये कोण घालणार हे?"

रिक्षा थांबवूनच ठेवली होती. तो गेला.

इनेझनं शेंग हुंगली. पुन्हा हुंगली. "मला नाही येत वास," ती म्हणाली.

"कोयता कुठं आहे?" बर्नार्डनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता मागच्या दारी शोधायला गेला.

आग्नेसला गप्प राहता आलं असतं. पण कोणाला कळल्यावाचून त्या गप्प राहण्याला चव नव्हती.

"मला पहिल्याच दिवशी आला होता," ती म्हणाली.

इनेझ वळली. "मग बोलली का नाहीस?"

"तोंड उघडायचं नाही, असं तूच म्हणाली होतीस ना?"

मागून पहिल्या वेलावर कोयता पडल्याचा आवाज आला. इनेझनं शेंगा ओट्यावर ओतल्या, अगदी आग्नेसच्या सुकेळ्यांवर. रिकाम्या ब्लँकेटची नीट चौघडी केली, ते छातीशी धरलं, पायऱ्या उतरली आणि फाटकाबाहेर गेली.