मोहबैलाच्या सांजेची सायकल

कोहमाऱ्याच्या चौकात ट्रकांचे ब्रेक दुरुस्त करणारा गजेंद्र कापगते म्हणजे हाताचा पक्का आणि तोंडाचा मुका. ब्रेक धरेना म्हणून एखादा ड्रायव्हर बोंबलत आला, की ढाब्यावरचे लोक त्याला चहा विचारायच्या आधी गजेंद्रकडे पिटाळायचे. बापासमोर मात्र याची दातखीळ बसायची. पंचेचाळिशीला आलेला माणूस, लग्नाच्या वयाची पोर घरात, तरी बाप यादोराव खाटेवरून नुसते खाकरले की हा उठून उभा! अशा माणसाचा राग यावा की कीव यावी, तेच कळत नाही.

पोर मात्र वेगळ्या मातीची. आचल. सडक अर्जुनीच्या कॉलेजात सायकलने जाता जाता तिने हायवेवर पोरांना मागे टाकायला सुरुवात केली, आणि मग ते वेडच लागलं. स्पर्धेची सायकल पाहिजे म्हणाली, तेव्हा गजेंद्रकडे तेवढे पैसे नव्हते. पैसे निघाले ते यादोरावांकडून. धानाची शेती भाड्याच्या ट्रॅक्टरवर गेली होती, बैलजोडी नुसती कडबा खात उभी होती. म्हाताऱ्याने ती विकली, तीन दिवस धड जेवला नाही, आणि चौथ्या दिवशी पैसे नातीच्या हातात ठेवले.

"दोन वरसं देतो तुले," म्हणाले. "सायकलच्या निवडीत आली त जाय पुण्याच्या खेळाच्या होस्टेलात, मी आडवा येणार नाई. नाई आली त साकोलीचं स्थळ पाहू. मंग रडाचं नाई."

"हव आबाजी," आचल म्हणाली. यादोरावांचा शब्द म्हणजे शब्द, दोन्ही बाजूंनी. घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं.

पहिलं वर्ष पाण्यात गेलं, खरोखरच पाण्यात. निवडीच्या दिवशी पाऊस, आणि सायकलचे ब्रेक तारेवर ओढायचे. ओल्या वळणावर भरवसा वाटेना, म्हणून आचल दुरूनच वेग कमी करायची आणि तेवढ्यात दोघीतिघी पुढे निघून जायच्या. घरी येऊन तिने बापाला एवढंच सांगितलं, "पाय नाई कमी पडले पप्पा, ब्रेक कमी पडले."

झालं! गजेंद्रने ते मनावर घेतलं. नागपूरच्या एका सायकलवाल्याकडून तेलावर चालणाऱ्या डिस्क ब्रेकचा वापरलेला सेट मिळवला आणि घरापुढच्या सपरीत, ओसरीवर, पोतं अंथरून बसला. जन्म ट्रकांच्या हवेच्या ब्रेकांत गेलेला. तिथे हवा भरायची, आणि इथे हवेचा एक बुडबुडा राहिला तरी सगळी मेहनत पाण्यात. मोबाईलवर व्हिडिओ लावून तो एकेक पायरी दहादा पाहायचा. तेलाचा पाइप मापाने कापायचा होता, जास्त कापला तर जोडता येत नाही. कापण्याआधी त्याने तीनदा मोजलं. ढोरांच्या दवाखान्यातून आणलेल्या कोऱ्या सिरिंजने त्याने खालून तेल चढवलं, पाइपावर टिचक्या मारत एकेक बुडबुडा वर काढला. दोनदा ब्रेकची लिव्हर नुसती भसकन दांडीला टेकली. दोनदा त्याने सगळं खोलून पुन्हा केलं. तिसऱ्या वेळी लिव्हर बोटाखाली अशी घट्ट झाली की बस्स!

"आचल, इकडे ये व! एका बोटानं दाब, एका बोटानं!"

आचल अंगणात जोरात आली, एका बोटाने दाबलं, आणि सायकल जागच्या जागी उभी राहिली. पोर खळखळून हसली. गजेंद्र इतका खुश कधी झाला होता ते त्याच्या बायकोला, मंदालाही आठवेना.

मग त्याने घरात ताकीद दिली. चाकाशी जी पोलादाची चकती आहे तिला कोणी बोट लावायचं नाही. बोटाचा ओशटपणा लागला तरी ब्रेक धरत नाही. हे त्याने मंदाला सांगितलं, आचलला सांगितलं, शेजारच्या पोरांना दम देऊन सांगितलं. बापाला सांगितलं नाही. म्हातारा सायकलजवळ जातो कुठे, हे एक. आणि बापाला 'हात नका लावू' म्हणायचं कोणत्या तोंडाने, हे दुसरं.

यंदाची निवड गोंदियाच्या बाहेरच्या रस्त्यावर होती, आणि नेमकी पोळ्याच्या दिवशी. त्या दिवशी रस्ता मोकळा राहतो, म्हणून ठेवलेली. आदल्या सांजेला गजेंद्र गाडीवाल्या श्यामलालकडे पिकअप ठरवायला गेला होता. परत आला तेव्हा सायकल सपरीत जिथल्या तिथे उभी होती. सकाळी ती चादरीत गुंडाळून गाडीत टाकली आणि बापलेक निघाले. यादोराव दारापर्यंत आले होते. चेहऱ्यावर समाधान होतं. कधी नव्हे ते पोरीच्या पाठीवरून हातही फिरवला.

गोंदियाला उतरून आचलने अंग गरम करायला एक फेरी मारली, आणि परत आली ती पांढरीफटक पडून. "पप्पा, थांबूनच नाई राहिली! नुसती किंचाळून राहिली!"

"हवा घुसली असन," म्हणत गजेंद्रने लिव्हर दाबली. दगडासारखी घट्ट. मग काऊन? त्याने सायकल उलटी केली, चकतीवर अंगठा फिरवला. अंगठा पिवळसर, ओशट झाला. त्याने तो नाकाशी नेला. तूप! चांगलं घरचं, कढवलेलं तूप, आणि हळद.

आचलनेही वाकून वास घेतला.

"काल मोहबैल होता, पप्पा," आचल हळूच म्हणाली.

पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळतात, पळसाच्या पानाने शेकतात, आणि उद्या जेवायला या म्हणून त्यांना आवतन देतात. यादोरावांच्या हयातीत ही सांज कधी चुकली नव्हती. यंदा गोठा रिकामा. बैल गेले त्या जागी घरात काय आलं, तर ही सायकल. म्हाताऱ्याने प्रत्येक चाकाच्या मधोमध, जिथे सगळा जोर येतो तिथे, नेमकं त्या चकतीवरच मायेने चोळलं असणार, आणि मग धोतराच्या सोग्याने पुसून लख्ख केलं असणार. अरे देवा! राग तरी कोणावर काढायचा?

गजेंद्रने जवळच्या बाटलीतलं पेट्रोल चकतीवर ओतलं, घासलं. चकतीला चिमटीत धरणारे ब्रेकचे पॅड काढून पॉलिश पेपरने खरवडले, रस्त्यावर रगडले. पण पॅड एकदा तेल प्याले की ते कामातून जातात, हे ब्रेकवाल्याला दुसऱ्या कोणी सांगायला नको. तो या सायकलवाल्याकडे धावला, त्या सायकलवाल्याकडे धावला. "भैया, पॅड है क्या? भैया!" होते, पण वेगळ्या मापाचे. बाजार सगळा बंद, पोळाच होता.

नाव पुकारलं गेलं. पंचाने ब्रेक दाबायला सांगून सायकल पुढे ढकलली. चाक किंचाळत फिरलं. त्याने पुन्हा ढकलली.

"नहीं बेटा. गिरेगी तू, और चार को गिराएगी. साइड में हो जा."

"सर, एक चान्स. मी पायानं थांबवतो, सर," गजेंद्रच्या तोंडून भलतंच काहीतरी निघून गेलं. पंच वाईट माणूस नव्हता. त्याने मान हलवली आणि पुढचं नाव पुकारलं. बाकीच्या पोरी निघाल्या. आचल सायकल धरून, त्या दिसेनाशा होईपर्यंत उभी राहिली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

घरी पोचले तेव्हा दारावर तोरण होतं, आत पुरणपोळीचा वास होता. यादोराव खाटेवर ताठ बसले होते, नवं धोतर नेसून.

"जमलं?"

गजेंद्रने बापाकडे पाहिलं. डोळ्यांत सगळी आस होती. 'तुमच्या हातानं झालं, बाबूजी,' एवढंच म्हणायचं होतं. त्याला दिसलं की हे ऐकलं तर म्हातारा जिवंतपणी मरेल. आणि त्याच्या तोंडून निघालं, "नाई जमलं, बाबूजी. पोरगी कमी पडली."

आचल दारातच होती, एक पाय उंबऱ्याच्या आत आणि एक बाहेर.

यादोरावांनी पाय खाटेवर ओढून घेतले. मग म्हणाले, "आपल्याकून सगळं केलं, बापा. पोरीतच दम नाई त काय करन कोणी? पोळा उलटला का साकोलीले निरोप धाड."

आता तरी बोल ना बाबा! अजून वेळ होता. एक वाक्य, आणि म्हातारा स्वतःचं कपाळ बडवून घेऊन का होईना, पोरीला आणखी एक साल देणारच होता. गजेंद्र उभा राहिला आणि त्याने मान डोलावली.

"हव आबाजी," आचल म्हणाली, "कमीच पडली मी." आणि आत जाऊन मायसोबत पोळ्या लाटायला बसली.

साकोलीचं जमलं. पाहुणे येऊन गेले, तारीख निघाली. आचल बापाशी बोलत नव्हती असं नाही. बोलायची, जेवणाचं, चहाचं, डब्याचं. एका सकाळी तो कामावर निघाला, तर डबा हातात देता देता ती थांबली.

"पप्पा, एक विचारू?"

"विचार न."

"मी त त्या दिवशी निघालीच नाई रस्त्याले. मंग मी कमी पडली असती का नसती पडली, हे आता कसं मालूम होईन?"

तिने ते रागाने विचारलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. गजेंद्रने डबा पिशवीत सरकवला. आतून यादोराव खाकरले. "येतो," एवढंच पुटपुटून तो कोहमाऱ्याच्या रस्त्याला लागला.