खिळ्यापाशी वळलेली वेल

डिंडोलीत सरलाबाईंचं घर शोधायला पत्ता लागत नाही. गल्लीच्या तोंडाशी उभं राहायचं आणि हसण्याचा आवाज कुठून येतो ते ऐकायचं. अमळनेरकडच्या खेड्यातून लग्न होऊन त्या सुरतेत आल्या. नवरा सुकलाल भेस्तानला लूमवर, आणि सरलाबाई घरी बसून साड्यांना खडे चिकटवतात. बोटांना कायम गम. भाकरी थापायच्या आधी बोटं खरवडत बसतील आणि वर म्हणतील, "मास्तर, मना हातले भाकर भी चिकटस!"

मास्तर म्हणजे मी, शालिग्राम. शाळेचा नव्हे हो, एवढी अक्कल कुठली! एका प्रिंटिंग मिलमध्ये तीस वर्षं डिझाईन मास्तर होतो. नाव मोठं, काम एवढंच की दुसऱ्याचं डिझाईन उचलायचं, इकडचं पान तिकडे करायचं, रंग बदलायचा. शेठ बाजारातली साडी टेबलावर टाकायचा आणि म्हणायचा, "मास्तर, आवुं ज जोईए." असंच पाहिजे. आमच्या लाईनीत याला कोणी चोरी म्हणत नाही. मीही कधी म्हटलं नाही.

आमचं खानदेशी मंडळ दरवर्षी चित्र, गाणं किंवा मूर्तिकाम शिकणाऱ्या एका मुलाला नाहीतर मुलीला शिष्यवृत्ती देतं. शिवाय सगळी मुलं मिळून मंडळाच्या हॉलची एक भिंत रंगवतात. निवड करायला चित्रातलं कळणारा शहाणा कोण? तर मी!

यंदा जूनमध्ये सरलाबाईंची हर्षदा चित्र घेऊन आली. चित्रकलेच्या कॉलेजात तिचा नंबर लागला होता, पण जुलैच्या आत फी भरली तरच. शिष्यवृत्तीशिवाय ती भरली जाणार नाही हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. मी कागद हातात घेतला. खालून वर चढणारी वेल, पानापानाआड पोपट. आणि एका जागी ती वेल अडखळल्यासारखी डावीकडे वळून पुन्हा सरळ वर गेलेली. ते वळण मी झोपेतही ओळखलं असतं. अकरा वर्षांपूर्वी आमच्या मिलची ती साडी धो धो चालली होती, आणि डिझाईन माझ्याच टेबलावरून गेलं होतं.

"ही तर आमच्या मिलची नक्कल आहे," मी भर हॉलमध्ये म्हणालो. "वळणसुद्धा बदलायचे कष्ट घेतले नाहीत! पोरी, कलेत चोरीला जागा नसते."

हे मी म्हणालो. मी! आता आठवलं की कानशिलं तापतात.

"काका, कॉपी नहीं किया," हर्षदा कशीबशी म्हणाली. मागच्या रांगेत सरलाबाई उठल्या. "मास्तर, ती येल मनी शे. मीच शिकाडी तिले."

"बाई, साडी अकरा वर्षांपासून बाजारात आहे," मी म्हणालो. त्यांना न हसताना मी पहिल्यांदाच बघत होतो. मग त्या खाली बसल्या. शिष्यवृत्ती मूर्ती घडवणाऱ्या योगराजला मिळाली. जुलै गेला, कॉलेजही गेलं, आणि हर्षदा आईशेजारी बसून खडे चिकटवायला लागली.

श्रावणात सरलाबाईंच्या घरी कानबाई देवी बसली. मी जायचं टाळत होतो. माझी बायको रंजना म्हणाली, "चला मुकाट्यानं. तोंड लपवायला तुम्ही काय चोरी केलीये?" मग गेलो, छाती काढूनच गेलो.

देवीला हात जोडले, मान वर केली आणि हात तसेच राहिले. कानबाईमागच्या भिंतीवर गेरू, त्यावर खडूमातीनं काढलेली वेल. ती वर चढत एका जाड्या खिळ्यापाशी आली होती. खिळ्याला सुकलालची डब्याची पिशवी लटकत होती. वेल खिळ्याला वळसा घालून डावीकडून वर गेली होती.

"दरसाल हाईच काढस मी," सरलाबाई म्हणाल्या. "खिळा पोरना बापना शे, काढू देस नही."

तेव्हा कुठे आठवलं. अकरा वर्षांपूर्वी याच जागी उभा राहून मी मोबाईलनं फोटो काढला होता. दुसऱ्याच दिवशी शेठला नवा माल हवा होता. मी वेल उतरवली. खिळा काढून टाकला, वळण तसंच ठेवलं. पुढे श्रावणात मिलच्या घाईत इथे येणं झालंच नाही. इतकं उचललं होतं जन्मभर, की कुठून काय उचललं ते विसरलो होतो. आणि पोरीला चोर म्हणालो. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

त्या साड्या खडे लावायला त्यांच्याकडेच आल्या होत्या. पहिला गठ्ठा सोडला तेव्हाच त्यांनी आपली वेल ओळखली होती आणि तिच्यावरच खडे चिकटवत बसल्या होत्या.

"मग त्या दिवशी स्पष्ट का बोलला नाहीत?"

"ते काम माले तुम्हीच दिन्हं व्हतं ना, मास्तर." मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. "मनं जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "पोरले चोर म्हन्या तुम्ही. सगळासमोर म्हन्या. ते पह्यले पुसा."

पुढच्या रविवारी हॉलची भिंत रंगवायची होती. सगळी गल्ली जमली होती. मी माईक घेतला. रात्रभर घोकलेलं सगळं बाजूला राहिलं आणि तोंडून निघालं, "हर्षदाच्या चित्राबद्दल थोडा गैरसमज झाला होता. चित्र तिचंच आहे." टाळ्या पडल्या. सरलाबाईंनीही वाजवल्या. आणि मला चक्क हलकं वाटलं. बेशरम माणूस!

हर्षदानं ब्रश घेतला आणि भिंतीवर वेल काढली. वळण आलं. तिथे तिनं काळ्या रंगात जाडजूड खिळा काढला.

"अगं, एवढ्या छान वेलीत खिळा कशाला?" आमचे अध्यक्ष बन्सीलाल म्हणाले. "पुसून टाक तो."

तिनं मागे वळूनही पाहिलं नाही. "मास्तरकाकांना विचारा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माईक माझ्या हातातच होता.

"वेल सरलाबाईंची आहे," मी म्हणालो. "अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या भिंतीवरून मी चोरली. हिचं वर्षही मीच बुडवलं. चोर मी आहे."

कोणी टाळी वाजवली नाही. सरलाबाई हसल्या नाहीत. हर्षदानं ब्रश पुन्हा काळ्या रंगात बुडवला आणि खिळ्याला दुसरा हात द्यायला लागली.