कोऱ्या मडक्यातली डबी

संग्रामपुरात तेव्हा फ्रिज नावाची चीज आम्ही कोणी पाहिली नव्हती. माझ्या इन्सुलिनची बाटली आई डबीत घालून मडक्यातल्या गार पाण्यात बुडवून ठेवायची. अकराव्या वर्षी मला साखरेचा आजार निघाला, तेव्हापासून काचेची सिरिंज उकळायची तीच आणि सुई टोचायची तीच. मला हात लावू देत नव्हती.

मॅट्रिक झाले आणि मास्तरीण व्हायचं खूळ डोक्यात शिरलं. त्यासाठी बुलडाण्याला राहावं लागणार होतं. आईचं एकच पालुपद, "तुले तिथं सुई कोन देईन?" मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. मी मुलखाची हट्टी, आणि ती माझीच आई.

तेवढ्यात आखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. पितरांच्या नावानं कोरं मडकं पाण्यानं भरून द्यायची आमच्याकडे रीत. आईनं कुंभाराकडून दोन मडकी आणली, एक पितरांसाठी, एक माझ्या डबीसाठी. दोन्ही शेजारी ठेवून ओल्या फडक्यानं झाकली, आणि सोनाळ्याहून जेवायला आलेल्या चुलत आजोबांच्या हाती दिलं नेमकं माझं, डबीसकट. त्यांची बैलांची दमणी जाऊन बराच वेळ झाल्यावर ते ध्यानात आलं. दुसरी बाटली घरात नव्हती, ती खामगावहून मागवावी लागायची. संध्याकाळची सुई तर चुकवून चालणार नव्हतं.

मी सिरिंजचा डबा आणि घेरी आली तर खायला गुळाचा खडा पिशवीत टाकला, बाबांची सायकल काढली. "येवढ्या उन्हात कुठी चालली वं?" आई मागून म्हणत राहिली. रस्त्यानं लोक थांबून बघत होते, पोरगी सायकलवर म्हणून. बघा म्हटलं, डोळे भरून बघा.

सोनाळ्याला पोचले तर आजोबांनी डबी देवघरात ठेवून तिला हळदकुंकू वाहिलं होतं. "पितराईसाठी काही देल्लं असंन, म्हनलं," असं ते म्हणाले. मला हसू आवरेना. मग त्यांच्याच चुलीवर सिरिंज उकळली. दोनदा हात मागं घेतला. तिसऱ्यांदा मांडीत टोचली.

जेवून उठले तर आई शेजाऱ्याच्या बैलगाडीतून उतरत होती. तोंड सुकलेलं.

"सुई कोनं देल्ली?"

"मीच."

तिनं माझा हात हातात घेतला, बराच वेळ सोडला नाही. "दुखलं काय वं?"

"तू देतं तेवढंच."

"मंग जाय बुलडाण्याले."

पुढं पस्तीस वर्षं मी शाळा केली, सातपुड्याच्या पायथ्याची गावं सायकलनं पालथी घातली, पोरींना खो-खो शिकवला. आता घरात फ्रिज आहे, सुईही केसासारखी बारीक आली. तरी टोचताना आई आठवते, रोज. त्या दिवशी खोटं बोलले होते मी. लई दुखलं होतं. आईनं दिलेली सुई कधी कळायचीसुद्धा नाही. तेव्हा सांगितलं असतं तर तिनं जाऊ दिलं नसतं, आणि नंतर सांगायचं राहूनच गेलं.