वांगे विकणारी माळीण

बाळापूरच्या बाजारात एक माळीण वांगे विकायची. नाव मी कधी पुसलं नाही. हरेक वांगं अंगठ्यानं दाबायची, मंगच पारड्यात टाकायची.

माही बायको सांधे सुजून सुजून वारली. वैद्यानं वांगे बंद केले होते, तरी तिनं चंपासष्टीचं भरीत सोडलं नाही. पुढच्या सटीले मी माळणीले इचारलं, "बाई, वांग्यानं माणूस मरते काय?"

"मी खाल्लं का माहे गुडघे धरतात. माही सासू रोज खाते, अन् अजून वावरात निंदाले जाते. मी काय सांगू, बुवा?" म्हणत तिनं शेरभर कवळे वांगे माह्या धोतराच्या सोग्यात टाकले.

भरीत केलं, देवाले निवद दाखवला. मंग बायकोच्या नावानं ताट घेतलं. त्यात भरीत वाढावं का नाही, हे मले अजून समजलं नाही.