शेवंताला टायफॉइड झालाच नव्हता

रायपुरातल्या मराठी घरांत सोयरीक जुळवायची म्हटली की गोदावरीबाईंना बोलावणं जाई. विदर्भातून रेल्वेच्या नोकरीला आलेली माणसं असोत की भोसल्यांच्या काळापासून इथे मुरलेली घराणी असोत, कोणाच्या घरात काय शिजतं ते बाईंना ठाऊक. राज्य नवं झालं, शहर राजधानी झालं, मंत्रालयात चिकटलेल्या पोरांचे भाव वधारले, तशा बाईंच्या फेऱ्याही वाढल्या. सोयरिकीच्या बैठकीत त्या खोटं बोलत नसत. फक्त काय बोलायचं नाही, ते त्यांना नेमकं कळे.

सरळ खोटं त्या एकाच गोष्टीत बोलल्या. धाकटी बहीण शेवंता दुसऱ्या बाळंतपणात गेली. पाय सुजले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि झटके येऊन सारं संपलं. पोटातली राधिका तेवढी वाचली. पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बायका कुजबुजल्या, मिरगी होती. मिरगी रक्तात उतरते अशी समजूत, आणि मागे दोन पोट्ट्या. गोदावरीबाईंनी सुतक फिटायच्या आत सांगायला सुरुवात केली, टायफॉइड झाला होता. पुढे दोन्ही भाच्यांना त्यांनीच वाढवलं. त्या पोरींनाही टायफॉइडच ठाऊक होता.

थोरली देवश्री चौबे कॉलोनीत कौमुदीबाईंच्या घरी सून म्हणून दिली. तिला दिवस गेले तेव्हा कौमुदीबाईंनी शंकर नगरच्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेताना गोदावरीबाईंनाही सोबत घेतलं. "तुम्हीच तर तिची माय," म्हणाल्या.

तिसरा महिना चालू होता. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही दंडांवर ब्लड प्रेशर पाहिलं, सोनोग्राफीत गर्भाशयाकडे जाणाऱ्या रक्ताचा वेग पाहिला, मग विचारलं, "माँ या बहन को प्रेगनेंसी में बीपी बढ़ा था? झटके आए थे?"

देवश्रीने मावशीकडे पाहिलं. कौमुदीबाईंनीही पाहिलं. राधिकेचं त्यांच्याच पुतण्याशी ठरत आलं होतं, साक्षगंध तोंडावर होतं.

"नाही," गोदावरीबाई म्हणाल्या. "तिची आई टायफॉइडने गेली."

"लिहून घ्या, डॉक्टर," कौमुदीबाई हसल्या. "आमच्या गोदाताईले साऱ्या रायपूरच्या सात पिढ्या पाठ आहेत. हिच्या माहेरच्या तं आठ."

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. आकडे अगदी काठावर होते. आईला तसं झालं असतं तर आजपासूनच त्यांनी रोज रात्रीची एक लहान गोळी सुरू केली असती. गोळी चौथा महिना संपायच्या आत सुरू व्हायला हवी, नंतर तिचा फारसा उपयोग नाही.

गोदावरीबाईंनी ते नीट ऐकलं. मनाशी ठरवलं, साक्षगंध उरकलं की एकटीने येऊन सांगून टाकू. वेळ होता.

पण नवऱ्या मुलाचे आजोबा वारले आणि साक्षगंध पुढे गेलं. गोदावरीबाई दर आठवड्याला लुगडं बदलून दारापर्यंत येत आणि परत आत जात. अखेर पाचव्या महिन्यात पंडरीच्या कापडबाजारातून शालू आला, कुंकू लागलं, पेढे वाटले. दुसऱ्या सकाळी त्या दवाखान्यात गेल्या.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अब बता रही हैं?"

त्यानंतर ब्लड प्रेशर वरचेवर तपासलं गेलं. गोळीची वेळ मात्र टळली होती. सातव्या महिन्यात देवश्रीचा चेहरा सुजला, डोकं फुटायला आलं. तिला वाचवायचं तर बाळ काढावंच लागलं. मुलगा होता. दोन दिवस जगला.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर गोदावरीबाईंनी कौमुदीबाईंना सारं सांगितलं.

"म्हणजे मिरगी नव्हतीच?"

"डॉक्टर म्हणते, नव्हती. गरोदरपणातलंच दुखणं."

"मंग लपवलं काहून? याच्यासाठी कोण सोयरीक मोडते?"

"तवा सारे मिरगीच म्हणत होते."

"तवाचं सोडा. त्या दिवशी तं डॉक्टर तोंडाने विचारून राहिली होती ना तुम्हाले."

आत देवश्रीला दूध आलं होतं. नर्स नुकतीच तिची छाती आवळून बांधून गेली होती. मराठी देवश्रीला कळे, पण बोले ती हिंदीच.

"मौसी, मेरी माँ को क्या हुआ था?"

गोदावरीबाईंनी सांगितलं. पायांची सूज सांगितली, अंधारी सांगितली, झटके सांगितले. देवश्री भिंतीकडे तोंड करून ऐकत राहिली.

"राधिकाले मी आजच सांगतो," बाई शेवटी म्हणाल्या. "तिच्या वेळी तरी..."

"नहीं. उसे मैं बताऊँगी."

"काहून? मी आहो ना."

"आप बताएँगी तो कुछ न कुछ छोड़ देंगी."

गोदावरीबाई उठल्या. जाताना त्यांनी सवयीने तिच्या डोक्यावर हात ठेवायला पुढे केला. देवश्रीने मान बाजूला घेतली.