साडेसहाची गाडी आणि माझ्या चौदा सूचना

आमच्या घरात माझ्याआधी जे काही लिहिलं गेलं ते सगळं अंगठ्यानं लिहिलं गेलं. त्यामुळे मी एकदम लेख लिहायला बसावं हे मलाच जरा आगाऊपणाचं वाटतं. वाचकांनी माफ करावं. शुद्धलेखन मी दोनदा तपासलं आहे. बाकी ज्या चुका दिसतील त्या लिहिण्यातल्या नाहीत, वागण्यातल्या आहेत.

आमचं गाव कुंभारीच्या पुढं, मोठ्या रस्त्यापासून बरंच आत. आप्पा, म्हणजे माझे वडील, मेंढरं राखतात. मी सोलापूरला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आणि धाकटी बहीण रेणुका अकरावी सायन्सला. आम्हाला कॉलेजात नेणारी सकाळी साडेसहाची एसटी एक दिवस आलीच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. महिना झाला, नाहीच! पुढची गाडी थेट अकराला. मी दुधाच्या टेम्पोत कॅनवर बसून जायला लागलो (वर्गात माझ्या शेजारचं बाक तेव्हापासून रिकामं असतं). रेणुकाचं काय? तिची प्रॅक्टिकलं सकाळी आठला. हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसता येणार नाही, असं तिच्या बाईंनी सांगून टाकलं होतं.

आप्पा एकदाच बोलले. "दिवाळीपातुर गाडी आली तर बरं. न्हाय तर रेणी मेंढरामागं. मला बी वंगाळ वाटतंय, पर पोरगीला रस्त्यावर हात दावत हुबी करणार न्हाय."

रेणुकानं जीवशास्त्राचं पुस्तक जरा जोरात मिटलं.

मग आसपासच्या गावांतल्या मुलांनी ठरवलं, कॉलेजपासून एसटीच्या ऑफिसावर मोर्चा न्यायचा. आमच्या गावातून चौघं: मी, रेणुका, तिची मैत्रीण अंबिका आणि माझा मित्र इरण्णा. मी आयुष्यात कधी मोर्चाला गेलो नव्हतो. स्वभावानं मी भित्रा आहे, पण भीती वहीत मुद्देसूद लिहिली की तिला काळजी म्हणता येतं. मी चौदा सूचना लिहिल्या आणि आदल्या दिवशी अंगणात चौघांची बैठक बोलावली.

"सूचना क्रमांक एक," मी खाकरून सुरुवात केली. "गर्दीच्या मधोमध जायचं नाही. कडेनं चालायचं, म्हणजे पटकन बाहेर पडता येतं."

"कडंनं?" पलीकडे कोकराला पाजत बसलेले आप्पा उठूनच आले. "लांडगा कुटनं येतो म्हाईत हाय का तुला?"

"आप्पा, मोर्चात लांडगा नसतो."

"मग इतकं भ्यायलास कशाला?"

इरण्णा फिदीफिदी हसला. मी सूचना क्रमांक दोनवर गेलो: जोडीनं राहायचं आणि जोडीदाराला नजरेआड होऊ द्यायचं नाही. ही आप्पांना एकदम पटली. इतकी पटली की "तुमास्नी जमायचं न्हाय, म्या येतो संगं" असं त्यांनी जाहीर केलं. दीडशे मेंढरं ट्रकांच्या रस्त्यावरून सुखरूप नेणारा माणूस. त्याला नको कसं म्हणायचं? मेंढरं चुलत्यांकडे सोपवली गेली. आमच्या गटाला न मागता पुढारी मिळाला!

एवढ्यात आव्वा, म्हणजे आई, आतून आली. "टिकणारं काहीतरी खायला न्यावं" ही सूचना तिनं चुलीपाशीच ऐकली होती आणि तिच्या हातात बावीस कडक भाकऱ्यांची चळत होती. वर शेंगाचटणी.

"आव्वा, सूचना क्रमांक सात! जवळ कडक वस्तू बाळगायची नाही."

"ही वस्तू व्हय रे? भाकरी हाय ही!"

इरण्णानं एक भाकरी बोटानं टकटक वाजवून बघितली. "सिद्ध्या, ही फेकून लागली तर कलम लागंल की रे!"

मी हार मानली. पुढची सूचना होती घरी एक माणूस फोनवर ठेवण्याची, म्हणजे कुणी चुकलं तर त्याला कळवता येईल. घरात फोन दोन. आप्पांचा ते सोबत घेणार होते, म्हणून मी माझा आव्वाकडे दिला आणि तोच नंबर चौघांच्या दंडावर पेनानं लिहिला. (यात काय चुकलं हे तुमच्या आत्ताच लक्षात आलं असेल. मला दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला आलं.)

सकाळी निघताना आप्पा हातात डबडं घेऊन आले. मेंढरांना खूण करायचा लाल रंग! बाजारात दुसऱ्या कळपात मेंढरू मिसळलं तरी ओळखू यावं म्हणून पाठीवर लावतात तो.

"आप्पा, ड्रेस नवा हाय!" अंबिका ओरडली.

"मग उठून दिसंल की!"

आणि चौघांच्याही पाठीवर, उजव्या खांद्याखाली, भाकरीएवढा लाल ठिपका उमटला. त्याच गोंधळात मी सगळ्यांत महत्त्वाची, चौदावी सूचना वाचत होतो: पोलीस आले, गडबड झाली, तर न पळता, शांतपणे निघून ऑफिसच्या मागच्या रसवंतीपाशी जमायचं आणि सगळे येईपर्यंत जागा सोडायची नाही. तिकडं इरण्णा "बँ बँ" करत होता आणि दोघी मुली हसून लोळत होत्या. आता वाटतं, कुणी ऐकलंच नसावं.

मोर्चाला साठेक जण जमले. घोषणा सुरू झाल्या. उन्हाचा चटका वाढला तसा मी सूचना क्रमांक नऊप्रमाणे ओला पंचा पाठीवर घेतला. बाकी तिघांचे पंचे पिशवीत भाकऱ्यांखाली दबलेले. आप्पा मात्र रंगात आले होते. कुणी गर्दीतून जरा बाजूला सरकलं की "हुर्रर्र! हिकडं!" करून त्याला आत वळवत. साठ पोरं अशी सरळ रांगेत चालली की ट्रॅफिकवाले बघत राहिले!

ऑफिसच्या फाटकाशी पोलीस उभे होते. त्यांच्या मॅडमनी गर्दीवरून नजर फिरवली आणि काठी रोखली.

"ए, लाल ठिपकेवाले! सगळ्यांची एकच खूण. तुम्हीच म्होरके ना? या पुढं!"

माझा ठिपका पंच्याखाली होता. चौदावी सूचना डोळ्यांपुढं उभी राहिली. मी पळालो नाही, हे कृपया लक्षात घ्यावं. मी शांतपणे निघालो, वळसा घेतला आणि दोन मिनिटांत रसवंतीपाशी पोहोचलो. गटातला पहिला!

शेवटचाही मीच. अर्धा तास झाला, एक तास झाला. रसवंतीवाले काका म्हणाले, "बस की, उभा कशाला? कुणाची वाट बघतोस?"

"गटाची."

तीन ग्लास रस झाला. दोन वाजता मी त्यांचा फोन मागून घेतला. आप्पांचा नंबर? पाठ नव्हता! पाठ होता तो माझाच, शिवाय दंडावर लिहिलेला. लावला.

"हॅलो आव्वा!"

"सिद्धू घरात न्हाय," आव्वा गावभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. ती फोन आरशासारखा तोंडासमोर धरते. बोलते, ऐकत नाही.

"आव्वा, मीच सिद्धू! आप्पांचा फोन आला होता का?"

"फोन त्याचाच हाय, पर त्यो न्हाय. मोर्चाला गेलाय. सांजच्याला करा!"

आणि ठेवला. (नंतर कळलं की आप्पाही मला शोधत त्याच नंबरवर फोन करत होते. त्यांनाही तिनं हेच सांगितलं. म्हणून ते मला मोर्चात हुडकत राहिले आणि शेवटी "गेलं आसंल घरी" म्हणून निघून गेले.)

मी जागा सोडली नाही. पावणेपाचला काकांनी चरक धुवायला काढला तेव्हा सोडली. पाचच्या गाडीत चढलो तेव्हा नाना शंका होत्या. पकडलं असेल का? रेणुकाचं कॉलेज आता कायमचं सुटलं का?

कंडक्टर मात्र भलत्याच खुशीत होते. "आता सोमवारपास्नं सकाळची साडेसहाची गाडी बी सुरू," ते मला तिकीट देता देता म्हणाले. "एक पोरगी आन तिचा बाप. म्हॅडमनी आत नेलं, सायबापुढं हुबं केलं. पोरगी म्हणली, माझी हजेरी तुमी भरणार का? लेखी घेतल्याबिगर खुर्ची सोडली न्हाय तिनं! सगळ्या हापिसाला कडक भाकरी खायला घातली वर."

माझी छाती अशी फुगली की पाठीवरचा पंचा घसरला. "ती माझी बहीण हाय!" मी जवळजवळ ओरडलोच. "सख्खी!"

गाडीतल्या सगळ्या माना वळल्या. कंडक्टरांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"व्हय? मग तू कुटं हुतास?"

मी खिडकीबाहेर बघत सांगितलं, "सुरक्षित जागी."